अजून खरखर लागतेय

काका कोणतीही वस्तू हातात आली की आधी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून चोळायचे. रवा, नवा टॉवेल, लग्नपत्रिकेचा कागद, माझ्या शर्टाची कॉलर. डोळे अर्धे मिटून जरा थांबायचे आणि निकाल द्यायचे, "अजून खरखर लागतेय." ओझरच्या विमान कारखान्यात सुटे भाग घासूनपुसून गुळगुळीत करण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं, असं त्यांचं म्हणणं. निवृत्त झाल्यावर तो अंगठा आमच्या सोसायटीवर मोकाट सुटला. तुमच्याही जिन्यावर असा एखादा गृहस्थ असेलच. चहाला बोलावलं तर आधी तुमच्या टेबलाची कड तपासतो आणि मग कपाला हात लावतो.

पंचवटीत आमची दारं समोरासमोर होती. काकू लवकर गेल्या. एकच मुलगी, तिला भाऊ नाही, म्हणून ती दरवर्षी मला राखी बांधायची. मी तेव्हा शाळेत मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो आणि ती दुसरीत होती. पुढे ती सटाण्याला, कांद्याचा व्यापार असलेल्या घरात पडली. माणसं चांगली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली, मुलगी झाली, आणि चार दिवसांत रक्तस्राव होऊन ती गेली. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

बाळ अशक्त होतं. डॉक्टर जवळ हवेत, असं ठरलं. सटाण्याला घरात बाईमाणूस म्हणजे विहीणबाई एकट्या, गुडघ्यांनी बेजार. तेराव्याला त्या काकांच्या हॉलमध्ये भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "पोर आमनी शे, भाऊ. आते आठे ऱ्हाऊ द्या. खावाले लागनी का लई जासूत." पोर आमची आहे, सध्या इथे राहू द्या, खायला लागली की घेऊन जाऊ. बोलणं रास्त होतं. जावई खाली मान घालून बसला होता. काकांनीही मान डोलावली आणि सगळे चहा प्यायले.

मग काका बाटल्या उकळायला शिकले, लंगोट बांधायला शिकले, बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढायला शिकले. नातीला ते 'साहेब' म्हणायचे. कारखान्यात तपासणीचे साहेब असत, त्यांनी पास केला तरच पार्ट पुढे जायचा.

"काय काका, साहेब उठल्या का?" मी दारातून विचारायचो.

"उठल्या. आल्याआल्या मला नापास केलं," असं म्हणून ते ओला सदरा दाखवायचे.

त्या घरात पुन्हा हसू ऐकू यायला लागलं होतं, आणि आम्ही मूर्खासारखे त्यावर खूश होतो.

साहेबांना सहावा लागला तेव्हा माझ्या बायकोने काकांना नाचणीचं सत्त्व शिकवलं. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजायची, दळायची, चाळायची. बायकोचं काम इथे संपतं. काकांचं इथून सुरू व्हायचं. गिरणीत त्यांनी दिलंच नाही, आधीच्याचं पीठ मिसळतं म्हणून. मिक्सरवर दळून पिठाच्या चाळणीने चाळलं, मग मैद्याच्या चाळणीने, मग मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ केलं. चिमूट चोळली. "अजून खरखर लागतेय."

नापास झालेला माल आमच्या घरी यायचा. आम्ही त्या दिवसांत नाचणीची आंबील, नाचणीची धिरडी आणि नाचणीचे लाडू खाल्ले. माझं पोट साफ राहिलं, एवढं मी मान्य करतो.

सातवा महिना निम्मा झाला. एक दिवस बायकोने आलेल्या डब्यातली चिमूट स्वतः चोळून पाहिली. मग माझा हात ओढून माझ्या बोटांवर ठेवली. "तुम्हाला लागतेय का कुठे खरखर?" मला लागली नाही. टाल्कम पावडर परवडली, इतकं ते मऊ होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

मग आठवा लागला. आता काकांनी नवीन काढलं. "मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात. हा सम आहे. चालत नाही." ज्या माणसाने जन्मात पंचांग उघडलं नव्हतं, तो मला सम-विषम सांगत होता. इकडे साहेब मांडीवर बसून काकांच्या हातातल्या घासाकडे बघायच्या. घास ताटातून वर गेला की डोळे वर जायचे, काका चावायला लागले की इकडे रिकामं तोंड हलायला लागायचं. काही दिवसांनी मी पाहिलं, काका तिच्याकडे पाठ करून जेवत होते.

बायकोने शेवटी तोंडावर विचारलं. "काका, पीठ कधीच झालंय. कशाची वाट बघताय?"

काका चाळणी आपटत राहिले. मग म्हणाले, "ताई, साहेबांनी एक घास गिळला की माझी सर्व्हिस संपली."

बायको उठली. घरी येऊन कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरली.

लसीच्या दिवशी मी रिक्षाने बरोबर गेलो. डॉक्टरीणबाईंनी बाळाला काट्यावर ठेवलं, मागचं वजन पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं. "आजोबा, वजन वाढतच नाहीये. वरचं काय देता?" काकांनी झबल्याची नाडी बांधायला घेतली. "काहीच नाही? अहो, दूध आता पुरत नाही हिला. भुकेली आहे ती." त्या ओरडल्या नाहीत, हे जास्त वाईट झालं. परत येताना रिक्षा गोदावरीच्या पुलावर आली. साहेब काकांच्या शर्टाचं बटण चोखत होत्या. काका पुढे बघत म्हणाले, "मास्तर, मी हिला उपाशी ठेवली." मला त्यांचा हात धरायचा होता, पण तो बाळाच्या पाठीवर होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी उष्टावण झालं. सम महिन्यातच. पाहुणे म्हणजे आम्ही नवराबायको. पहिला घास मामाने भरवायचा आणि मामा म्हणजे राखीच्या हिशेबाने मी. काकांनी सत्त्व दुधात शिजवलं होतं, वर तुपाचा थेंब. एका स्टीलच्या चमच्याची कड त्यांनी पॉलिशपेपरने घासून घासून इतकी गोल केली होती की ओठाला चमचा लागल्याचं कळू नये. बाळ माझ्या मांडीवर. मी चमचा लावला. तिने जिभेने सगळं बाहेर ढकललं. मी काकांकडे पाहिलं, आणि खरं सांगतो, त्या माणसाच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं होतं. पण दुसरा चमचा तिने तोंडात धरला, घोळवला आणि गिळला. तिसऱ्याला स्वतःच तोंड उघडलं. वाटी संपली तशी ती वाटीकडे हात करून रडायला लागली.

"पास," काका म्हणाले आणि आणखी शिजवायला आत गेले.

दुपारी त्यांनी स्वतःच सटाण्याला फोन लावला. मी समोर होतो. "हां, विहीणबाई. खायला लागली." एवढंच बोलले.

रविवारी गाडी आली. काकांनी सत्त्वाचे डबे भरून ठेवले होते, तो चमचा रुमालात गुंडाळला होता. किती पाणी, किती दूध, गुठळी होऊ नये म्हणून आधी गार पाण्यात कालवायचं, मीठ-साखर अजून नको, हे सगळं त्यांनी विहीणबाईंना दोनदा सांगितलं. त्या बिचाऱ्या दर वाक्याला "हां भाऊ, हां भाऊ" म्हणत होत्या. निघताना गाडीपाशीच चहा झाला. विहीणबाई गाडीत बसल्या, बाळ रडायला लागलं, तशी त्यांनी हातातलं बिस्किट कपातल्या उरल्या चहात बुडवून तिच्या तोंडात घातलं. साहेब क्षणात गप्प झाल्या. मिटक्या मारत खात होत्या. काका काचेबाहेर उभे होते. त्यांचा हात वर झाला होता, टाटा करायला की थांबवायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. गाडी गेली.

पुढे काही महिन्यांनी ते एकदाच सटाण्याला जाऊन आले, नवा डबा घेऊन. संध्याकाळी परतले तेव्हा हातात जुना डबा होता. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. विहीणबाईंनी तो घरच्या लाल तिखटाने काठोकाठ भरून दिला होता.

"साहेब कशा आहेत?" बायकोने विचारलं.

"मला बघून रडल्या. ओळखलं नाही." काका आमच्या उंबऱ्यात उभे होते. "भाकरी खातात आता. ठेच्याला लावून. डोळ्यांत पाणी येतं, तरी मागतात." त्यांनी सवयीने अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं. मध्ये काही नव्हतं. "खरखर लागत नाही ताई, तिला कशाचीच."

तिखटाचा डबा त्यांनी आम्हालाच देऊन टाकला.

उन्हाळ्यात काका गेले. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, दार उघडलं नाही. सटाण्याची माणसं आली. ती पोर बापाचं बोट धरून घरभर दुडुदुडु चालत होती. कुणीतरी तिला सांगितलं, हा तुझा मामा. ती बापाच्या पायामागे लपली.

घर रिकामं करून द्यायचं म्हणून आम्ही दोघं नंतर स्वयंपाकघर आवरत होतो. खिडकीच्या गजाला फडक्याची पुरचुंडी टांगलेली होती. आत नाचणी होती, मोड येऊन वाळून गेलेली. ओट्यावर मलमलचं फडकं पसरलेलं आणि त्याखाली परातीत गाळलेलं पीठ. इतके महिने हा माणूस ते करतच होता, आणि आमच्याकडे नापास माल यायचा कधीच बंद झाला होता.

"टाकून देऊ?" बायकोने विचारलं.

मी एक चिमूट घेतली आणि अंगठ्याने चोळली. डोळे मिटून पुन्हा चोळली. बोटांना काहीच लागलं नाही.