मंत्र्यांसाठी भरीत

कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजणाऱ्या वांग्यांचा वास आला की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. नाल्यावर पूल हवा म्हणून आमचं गाव भडगावला तहसीलसमोर धरणं धरून बसलं होतं. तेव्हाच व्यापाऱ्यांच्या संघटनेने मंत्र्यांसाठी मळ्यात भरीत पार्टी ठेवली आणि वांगी भाजायला बोलावलं कोणाला, तर आमच्याच पूल समितीच्या अध्यक्षांना, नानांना! "जाऊ नका," मी म्हणालो. "मानूस जेवाले बसना का बठ्ठं आयकस," म्हणत, जेवायला बसलेला माणूस सगळं ऐकून घेतो या भरवशावर नाना धरण्यावरून उठले. नाइलाजाने मीही गेलो. व्यापारी मंत्र्यांच्या मांडीला मांडी लावून गोदामाच्या रस्त्याचं बोलत होते, नाना धुरात डोळे पुसत वांगी सोलत होते. वाढताना ते कसेबसे म्हणाले, "साहेब, आमचा पूल..." मंत्री म्हणाले, "नाना, आधी भरीत वाढा, काय झणझणीत झालंय!" अख्खी पंगत हसली. गोदामाचा रस्ता पावसाळ्याआधी झाला. पोरं अजून दप्तर डोक्यावर घेऊन नाला ओलांडतात. उद्या मंत्री पुन्हा येताहेत, आणि आज अंगणात नाना चव बघायला दोन वांगी भाजताहेत. मला म्हणतात, "औंदा आयकतीन."