बाबांचा शेवटचा वाडगा

सावंतवाडीच्या एसटी स्टँडवर बाबांनी तो वाडगा माझ्या हातात दिला, जुन्या पंच्यात गुंडाळून. मुंबईची गाडी लागली होती, मुलगा कडेवर होता आणि नवरा आधीच आखातात, खोर फक्कानच्या बंदरात नोकरीला लागला होता. आमचं घर चिताऱ्यांचं. बाबांनी जन्मभर लाकडी पाट, चौरंग, करंडे रंगवले, त्यांवर लाख चढवली. तेव्हाच त्यांचे हात थरथरायला लागले होते. हा शेवटचा वाडगा, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. "ह्येका पाणी लावू नको गो बाय. सुक्याच ठेव," एवढंच म्हणाले. लवकर ये म्हणाले नाहीत, त्याचा मला वाटभर राग येत राहिला.

खोर फक्कानला समुद्र होता, डोंगरही होते, पण डोंगरांवर गवताची काडी नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये गालिना राहायची, रशियन. तिचाही नवरा बंदरातच. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून आमचं झकास जमायचं. एकदा तिनं बटाट्याचं सॅलड आणलं ते रंगवलेल्या लाकडी वाडग्यातून. काळ्यावर लाल फळं, सोनेरी पानं. मी बघतच राहिले. "युवर्स," ती म्हणाली. तिच्या गावी असली भांडी रंगवून भट्टीत भाजतात आणि रोज त्यांतच जेवतात म्हणे. मी मात्र तो पुसून देवाशेजारी शोभेला मांडला.

आता अशा भांड्याची परतफेड काय स्टीलच्या डब्यातून करायची? मी बाबांचा वाडगा काढला, बेसनाचे लाडू भरले आणि तिला देऊन आले. पाणी लावू नको हे सांगायचं सुचलंच नाही. आमच्याकडे ते कुणाला सांगावं लागत नाही.

भांडं रिकामं परत करू नये, हे तिच्याही आईनं तिला शिकवलं असावं. काही दिवसांनी ती दारात उभी राहिली, हातात बाबांचा वाडगा, बिटाच्या वाफाळत्या सुपानं काठोकाठ भरलेला. "यल्ला, ईट! हॉट, हॉट!" 'चल'ला तिथे सगळेच अरबीतलं यल्ला म्हणायचे. तिच्या बोटांना लाल रंग लागला होता. तिला वाटलं, बिटाचाच.

"आई, द फ्लॉवर्स आर कमिंग ऑफ!" मुलगा ओरडला.

मी सूप घाईघाईनं पातेल्यात ओतलं, पण गरम लागलं की लाख सुटतेच. बाबांनी रंगवलेली अबोलीची फुलं माझ्या तळहाताला चिकटून आली. गालिनाचा चेहरा पडला. मला रडू फुटलं, मग तिलाही. तिच्या घरी लाकडी वाडगा म्हणजे सूपच. रागावणार कुणावर?

बाबा पुन्हा रंगवतील, ही एक आशा उरली होती. सुट्टीत सावंतवाडीला गेले, वाडगा त्यांच्यापुढे ठेवला आणि सुपाची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी कुंचला उचलला. टोक लाकडावर ठरेना. मी त्यांचं मनगट धरलं, तरी ठरेना.

"खलास?" मुलानं विचारलं.

बाबा हसले. "सार बरां झालां होतां?"

"हो बाबा. छान झालं होतं."

"मग झालां तर," म्हणाले आणि कुंचला पुसून ठेवला.

बाबा गेले तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. गालिनाही तिच्या देशी परतली, तिचा पत्ता माझ्याकडे नाही. आता आम्ही दुबई मरीनात राहतो, उंचावर, खिडकी न उघडणाऱ्या फ्लॅटमध्ये. मुलगा मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतो. गावी मागे राहिलेले तुम्ही विचारता, आता घर कुठलं? मला विचाराल तर, भांडं भरून परत न्यायला जिथे एक दार असतं, ते घर. माझी दोन्ही दारं बंद झाली.

गालिनाच्या वाडग्यात मी हल्ली गरम आमटी घेते. बाबांचा कोरा वाडगा ओट्यावर असतो, त्यात लाडू. संपत आले की लगेच दुसरे वळते. तो रिकामा ठेववत नाही.