खुराड्यातला सडा

चिठ्ठीतच म्हणते, ये इकडं, जवळ सरक. आणि तो फोन आधी उलटा ठेव. फोनवर तू मला फार शहाणी वाटतेस. समोर बसलीस की जरा तरी आमची पोर वाटशील. "काकू, खुराडं फक्त कोरडं ठेवायचं, इतकं सोपं आहे," म्हणे! इथं माझ्या हातात घमेलं, नाकाला पदर, आणि ही पुण्यातून मला सोपं काय ते सांगतेय. पुतणी म्हणून ऐकून घेतलं हो. बरं, फोनवर सांगायला जावं तर तुझं आपलं "ऐका ना काकू, ऐका ना काकू", आणि माझंच सांगायचं राहून जातं. म्हणून आता लिहूनच काढते. तुझ्या आईचं, आक्कांचं आहे, तेव्हा तुला वाचावंच लागेल.

गावचं घर बंद करून आक्कांना इथं हैदराबादला, मलकपेठला आणलं, ते तुला ठाऊक आहे. माझ्या थोरल्या जाऊबाई माझ्या घरात आल्या आणि माझ्याकडंच परक्यासारख्या बघत बसल्या. एका चुलीवर भाकऱ्या थापल्या गं आम्ही दोघींनी, आणि मला म्हणायच्या, "अहो बाई, तुम्ही कुठल्या?" तुला जे सांगितलं नाही ते हे, की फाटक उघडं दिसलं की त्या चालायला लागायच्या. एकदा तर रेसकोर्सच्या भिंतीला हात लावत लावत चालल्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शेताची वाट विचारत होत्या. मराठीत. लोक बिचारे थांबून "क्या होना अम्मा?" विचारायचे, ह्या मान हलवून पुढं. मला सापडल्या तेव्हा पायात चप्पल नव्हती. तुला कळवून काय करणार होतीस तू तिथून? म्हणून नाही बोलले.

मग एक दिवस भाजी घेऊन दोघी येत होतो. वाटेत चिकनच्या दुकानाबाहेर पिंजऱ्यात गावठी कोंबड्या ठेवलेल्या. इथं त्यांना नाटुकोडी म्हणतात. आक्का थांबल्या. वाकल्या. "ती-ती-ती" करून जीभ टाळ्याला लावली, आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "धाकटे, ह्यांना पाणी नाही गं ठेवलेलं कुणी."

धाकटे! हैदराबादेत आल्यापासून पहिल्यांदा. मी तिथंच रस्त्यात उभी राहून रडले आणि दुकानदाराला वाटलं मला कोंबड्यांची दया आली. तो म्हणतो, "अम्मा, रोते कैकू? काट के देऊं?" मी म्हटलं, नक्को बाबा, जितीच दे. चार कोंबड्या आणल्या. कोंबडा नाही आणला, शेजारपाजार आहे.

माझ्या मुलानं डोक्याला हात लावला, पण गच्चीवरचे दोन जुने कूलर उतरवून त्यानंच त्यांचे सांगाडे जोडले आणि मागच्या बोळात पत्र्याखाली छान खुराडं करून दिलं. चारी बाजूंनी वारा, मध्ये बसायला दांडी. समोर आक्कांचं स्टूल. आणि काय सांगू तुला, आक्कांचं चालणं थांबलं. फाटक सताड उघडं असलं तरी त्या स्टुलावर. कोंबड्यांना दाणे टाकायचे, त्यांना रागवायचं, मधूनच मला हाक मारायची, "धाकटे, ही काळी लंगडतेय का बघ." माझं नाव परत मिळालं होतं मला. फोनवर खुराड्याच्या वासाचं एवढं पुराण लावते ते कशासाठी, हे आता तुला कळलं असेल. त्या कोंबड्या गेल्या की आक्का परत भिंतीला हात लावत निघणार.

पण फरशीवरचं खुराडं म्हणजे गावचं अंगण नव्हे गं. गावाला माती सगळं पिऊन टाकते. इथं शीट पडली की पडली तिथं. मी आधी वर्तमानपत्रं घातली, त्यांचा लगदा झाला. मग लाकडाच्या वखारीतून बुरादा आणला. तो इतका बारीक, की कोंबड्या शिंकायला लागल्या आणि त्यांच्याबरोबर मीही. शेवटी मुलानं शहराबाहेरच्या राइस मिलमधून भाताच्या तुसाची पोती आणली. हे मात्र जमलं. चार बोटं जाड गादी घालायची, रोज दाताळ्यानं खालीवर करायची, दांडीखालची शीट तेवढी उचलायची, वर चिमूट चिमूट चुन्याची भुकटी. ती मी बेगम बाजारातून आणली, दुकानदार विचारतो, घर रंगवताय का? आणि खरी परीक्षा म्हणजे मूठभर तूस घेऊन दाबायचं. लाडू वळला तर ओलं आहे, सुटून पडलं तर बरं. हे मी माझं मीच शोधलं, तुझ्या त्या व्हिडिओवाल्यांनी नाही सांगितलं.

थोडे दिवस कसा म्हणून वास नाही. नुसता गिरणीसारखा कोरडा, गोडसर वास. मी तर बोळात चहा प्यायला लागले.

आणि मग लाडू वळायला लागला. रोज सकाळी दाताळं घातलं की खाली ओलं गच्च. डोळे चुरचुरायचे इतका उग्र दर्प. सगळी गादी काढायची, घमेल्यानं बाहेर टाकायची, फरशी पुसायची, नवं तूस पसरायचं. दोन दिवसांत पुन्हा तेच. कचऱ्याची गाडी ते ओलं तूस घेत नाही. शेवग्याच्या बुडात टाकलं तर झाड बसलं पिवळं पडून. माझे गुडघे तुला माहीत आहेत. एकदा खाली बसले की उठायला खुराड्याचाच आधार, आणि तो कूलर हलतो. पत्रा गळतो का म्हणून मुलाला वर चढवलं. ठणठणीत. मग माझी नजर गेली शेजारच्या खिडकीकडं. तिथं एसीचा पाइप लोंबत होता. सापडला चोर! तशीच गेले.

"तुमारे एसी का पानी मेरे मुर्ग्यां पे गिर रा," मी म्हटलं. जरा जोरातच.

शेजारीण पीठ मळत होती. ती म्हणाली, "अम्मा, एसी तो कब का बंद पड़ा है. पंखे पे जी रें हम लोगां!" आणि मग हात धुऊन माझ्याजवळ आली, आवाज खाली केला. "बास तो हमकू भी भोत आ री अम्मा. कैसा बोलूं बोलके चुप थी. बेटी जचगी कू आ री, वो खिड़की का कमरा उसीच का है."

आता सांग, लेक बाळंतपणाला यायचीय म्हणणाऱ्या बाईला काय बोलणार? भांडायला गेले होते मी! वर मी निघताना तिनं आक्कांसाठी वाटीभर खीर दिली. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. सप्प, सप्प. मागं जाऊन बघते तर आक्का. पदर खोचलेला, डाव्या हातात बादली, उजव्या हाताचा पसा, आणि खुराड्याच्या दारातून आतपर्यंत सडा चाललेला. काय तो हात! एक थेंब इकडं जास्त नाही, तिकडं कमी नाही. दांडीवरच्या कोंबड्या पंख मिटून निमूट बसलेल्या, रोजचंच असल्यासारख्या. सडा झाल्यावर त्यांनी डब्यातलं तांदळाचं पीठ घेतलं आणि बोळात उंबऱ्याशी चार रेघा ओढल्या. सकाळी कोंबड्यांना सोडलं की त्या पहिल्यांदा तिथं का तुटून पडतात, ते मला तेव्हा कळलं.

कोंबड्या दिसल्या म्हणजे ते अंगण. अंगण म्हटलं की पहाटे सडा. त्यांचं बरोबरच होतं गं. जन्मभर त्यांनी ज्याला स्वच्छता म्हटलं तेच त्या करत होत्या, आणि त्यानंच सगळं नासत होतं.

मी बादली लपवली. त्यांनी देवाचा तांब्या घेतला. मी बोळाच्या दाराला कडी घातली, तर दाराशी बसून रडायला लागल्या. "उजाडलं गं धाकटे. अंगण पारोसं राहिलं. सासूबाई काय म्हणतील?" सासूबाई जाऊन किती काळ लोटला! मी दार उघडलं. तू असतीस तर काय केलं असतंस?

मग मला वाटलं, आपण युक्ती करू. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणली, चाळली, आणि बादलीत पाण्याऐवजी ती भरून ठेवली. शिंपडू देत हवी तेवढी. राखेनं कोरडंच राहील, कोंबड्या तिच्यात लोळतीलही. आक्कांनी बादलीत हात घातला. तसाच ठेवला. राख बोटांतून सोडत राहिल्या. मग विचारलं, "धाकटे, आड आटला का?"

मी गडबडले. म्हटलं, "हो आक्का, आटला."

"मग माणसं काय पितील?"

दिवसभर त्या घोटभर पाणी प्यायल्या नाहीत. त्यांच्यासाठी भरून ठेवलेला प्रत्येक पेला नेऊन कोंबड्यांच्या पुढं ठेवायच्या. "मुकी आहेत बिचारी, मागणार कशी?" म्हणायच्या. संध्याकाळी ओठ कोरडे पडले. मी नळ सोडून दाखवला, आड भरला आक्का, बघा, भरला, असं म्हणत त्यांचा हात धारेखाली धरला, तेव्हा कुठं प्यायल्या. ती राख मी फेकून दिली. परत तसलं काही करायचा धीर नाही मला.

आता परवा शेजारणीची लेक आली. पोट पार खाली आलंय. खिडकी लावून घेतलेली, ह्या उकाड्यात. मी तिकडं बघायचं टाळते. माझा मुलगा वाईट नाही, पण तोही थकलाय. काल म्हणाला, "आई, ऑफिसातल्या एकाचं शेत आहे, रविवारी मी कोंबड्या नेऊन सोडतो. तिथं मातीत फिरतील."

"आणि तुझ्या मोठ्याई?" मी विचारलं.

"फाटकाला कुलूप लावू."

"कुलूप लावून त्या कुणाला ओळखणारेत?"

आज सकाळी सडा झाला, मी गादी काढली, नवी घातली. शेवटचं पोतं आहे. आणखी आणवू का, असं मी मुलाला विचारलंही नाही.

तू का येत नाहीस ते मला कळतं हो. मागच्या खेपेला त्यांनी तुला "बस बाई, कुणाकडं आलीस?" म्हटलं, आणि तू न्हाणीघरात जाऊन रडलीस. मी बाहेर उभी होते. पण तुला एक सांगायचं राहिलंय, आणि फोनवर मला ते सांगवत नाही. संध्याकाळी आक्का कोंबड्यांना आत बोलावतात. तीन मुकाट येतात. तांबडी आहे ना, ती द्वाड आहे, शेवग्याखाली उकरत बसते. तिला त्या हाक मारतात ती तुझ्या लहानपणच्या नावानं. जे नाव तुला शाळेत गेल्यावर नको झालं होतं, तेच. "ये गं, दिवे लागले, किती खेळशील?" म्हणतात. ती आत आल्याशिवाय दार लावत नाहीत.

तेव्हा ये बाई. रविवारच्या आत ये. येऊन "आई, मी कोण सांग" असली परीक्षा घेऊ नकोस, नुसती स्टुलाशेजारी बस. वास येईल, नाकाला पदर लाव. मला सुचत नाही ते तुला सुचलं तर ठीक. नाही सुचलं तरी ये. संध्याकाळी त्या हाक मारतील तेव्हा कुणीतरी "ओ" म्हणायला हवं.