डिचोली बाजारातली रिकामी दोरी

मंडळी, आज डिचोलीच्या बाजारात माझ्या फोटोग्राफीच्या वर्गातल्या मुलांनी प्रदर्शन भरवलं. बाजारातल्याच माणसांचे फोटो, दोरीला चिमट्यांनी अडकवलेले.

मासे विकणाऱ्या शेवंतामावशीने स्वतःचा फोटो बघितला आणि सरळ काढून घेतला. "माझो फोटो मगे? मग मी घराक व्हरतंय," म्हणत ती तो घरी घेऊन गेलीसुद्धा.

तिचं बघून पाववाला पोदेर, फुलवाली, सगळ्यांनीच आपापले फोटो नेले. प्रदर्शन बघायला बोलावलेले पाहुणे चार वाजता येणार आणि दोरी रिकामी! मी मुलांवरच डाफरलो.

त्यांच्यातली सान्वी शांतपणे रिकाम्या चिमट्यांना चिठ्ठ्या लावत होती. "शेवंतामावशी घरी गेल्या." "पोदेर घरी गेले."

पाहुण्यांना आम्ही तीच दोरी दाखवली, ताठ मानेने. माझ्या फोटोंना बक्षिसं मिळालीत, पण ते कुणी असे हक्काने घरी नेले नव्हते.

तुमच्या बाजारात कधी दोरी बांधायची, सांगा!