सावलीमास्तर आणि बारावी खोली

कमी काम द्या म्हणून भांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मी म्हणायचो, पुस्तकात दहा चित्रं हवीत. सावलीमास्तर म्हणायचे, "पाच." मी आठावर यायचो, ते चारावर जायचे. दादरच्या फूटपाथवर जुनी पुस्तकं विकता विकता मी गिरगावात प्रकाशनाची पाटी लावली. कागदवाल्यापासून बाइंडरपर्यंत सगळ्यांशी घासाघीस केली आणि बहुतेक वेळा जिंकलो. या माणसाशी मात्र कधीच नाही.

मास्तर परळच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. मुलांसाठी मी रहस्यकथांची एक माला काढत होतो. माझगावच्या टेकडीवर एक बंद बंगला, त्यात बारा खोल्या, दर पुस्तकात एक खोली उघडायची. गोष्टी एका लेखिकाबाईंच्या, चित्रं मास्तरांची, काळ्या शाईची. त्यांत भूत कधी नसायचं. जिन्यावर ओली पावलं असायची, तीही अर्ध्या जिन्यावरच थांबलेली. मुखपृष्ठावर तरी एक भूत टाका म्हणून मी खूप ओरडलोय. ते शांतपणे म्हणायचे, "शेट, भूत दाखवलं की पोर हसतं. नाही दाखवलं की पोर ते स्वतः काढतं."

एक खिडकी काढायची म्हणून ते माझगावात एका जुन्या बंगल्यासमोर तीन दुपारी बसले. तिसऱ्या दिवशी वॉचमनने हटकलं, "काय काका, टॉवरवाल्या बिल्डरचे माणूस काय?"

"नाय रे बाबा, मी भूतवाला."

वॉचमनने त्यांना खुर्ची आणून दिली आणि तोही गेटबाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसला.

चित्र झालं की ते लालबागच्या आपल्या चाळीतल्या पोरांपुढे ठेवायचे. पोराने नुसतं "मस्त" म्हटलं की चित्र रद्द. त्याने काळोखावर बोट ठेवून "इथे कोण आहे?" विचारलं, तरच ते माझ्याकडे यायचं. या परीक्षेपायी पुस्तकं महिना महिना रखडायची आणि मी फोनवर घसा बसवून घ्यायचो.

अकराव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्यांनी बाराव्या खोलीचं दार काढलं. दार सताड उघडं आणि आत काहीच नाही. शाईचा ठिपकासुद्धा नाही. अर्धं पान कोरं. फूटपाथवर वीतभर जागा मोकळी सोडली की शेजारचा कंगवेवाला तिथे पसरतो, हे मी पोरवयातच शिकलो होतो. छपाईआधी मी त्या कोऱ्या जागेत चौकट टाकली, 'या मालेतील आमची इतर पुस्तके', आणि खाली दहा नावं. मास्तरांना विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही.

छापील प्रत त्यांनी शेवटच्या पानापर्यंत पाहिली, मिटली. "छपाई चांगली झालीय," म्हणाले, चहा संपवला आणि गेले. पुन्हा आले नाहीत. बाराव्या पुस्तकाचं हस्तलिखित मी त्यांच्या घरी पाठवलं, ते पाकीट न उघडता परत आलं.

शेवटी मीच लालबागला गेलो. तीन जिने चढून त्यांच्या दारात, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा भांडलो. चूक झाली, पण तोंड उघडून दोन शिव्या द्यायच्या होत्यात, अबोला धरून माझी माला कशाला बुडवता? मग आवाज खाली आणला आणि सौदा मांडला. दोनच चित्रं काढा, हवी तितकी पानं कोरी सोडा, अकरावं पुस्तक मी नव्याने छापतो.

"मी रागावलो नाही, शेट," मास्तर म्हणाले. "आज तुम्ही भाव चांगला देताय. पण पोरांनी खोली बघितली ना. आत यादी होती."

रागावलेल्या माणसाशी घासाघीस करता येते. न रागावलेल्यापुढे मी काय ठेवणार? दुसरे चित्रकार तयार होते, एक तर भूतही काढून देणार होता. मी कोणालाच काम दिलं नाही. मास्तर येतील असं मला खरंच वाटत होतं. गेल्या हिवाळ्यात ते गेले. माझा राग आहे तसाच आहे, फक्त आता तो धरून ठेवायचाही कंटाळा येतो.

त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी पाणी दिलं. मास्तरांची नऊ वर्षांची नात आतून बाहेर आली.

"तुम्हीच का ते शेट? आजोबा सांगायचे, बारावं पुस्तक शेटनी अजून काढलंच नाही."

जाताना मास्तर दोष माझ्याच माथी मारून गेले होते. पण त्या पोरीशी कसं भांडणार? बाराव्या खोलीत कोण होतं, तिने विचारलं. हस्तलिखित मला तोंडपाठ होतं. मी बसल्या जागी सगळी गोष्ट सांगितली, आवाज खालीवर करून, थांबायचं तिथे थांबून. तिने शेवटपर्यंत ऐकली. संपल्यावरही थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"एवढंच?" ती म्हणाली.

वहिनी तिला दटावू लागल्या. मी म्हटलं, "राहू द्या वहिनी, बरोबर आहे तिचं."

दुसऱ्या दिवशी हस्तलिखित न छापताच लेखिकाबाईंना परत करून आलो.