अर्ध्या किमतीचं खरेदीखत

नोंदणी कचेरीच्या दारात, लिंबाखाली माझं टेबल होतं. घरांची, जमिनींची खरेदीखतं लिहायचो. सत्तरच्या दशकात तिथं बसून मी जेवढं खोटं लिहिलं, तेवढं कुठल्या कादंबरीवाल्यानंही लिहिलं नसेल. खोटं एकच, किमतीचं. घर वीस हजाराला ठरलं की कागदावर दहा. स्टँपचा खर्च किमतीवर, आणि तो घेणाऱ्याच्या बोडक्यावर. म्हणून कागद दहाचा करायचा आणि वरचे दहा बाहेर चहाच्या गाड्यापाशी हातात द्यायचे. सगळ्यांचं असंच चालायचं.

एकदा एक निवृत्त मास्तर आले. घर घेत होते. म्हणाले, खरी किंमत लिहा. सरकार तुमचा जावई लागतो काय, म्हणून मी चेष्टा केली. आजूबाजूची टेबलं हसली. मास्तर मात्र समजावत बसले. ज्याच्या हातात त्या दिवशी पैसा खेळतो त्याच्याकडूनच सरकार वाटा घेतं, त्यात वावगं काय? आणि त्याच्या बदल्यात कागदाला वजन येतं. मी म्हणालो, मास्तर, वाटा बेतानं घेतला तर ना! दर असा लावलाय की सरळ माणूससुद्धा कागदावर चोर होतो. यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्यांनी पुरा स्टँप भरला. चक्रम माणूस, मी मनात म्हटलं.

त्याच साली माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, मास्तरांच्या शेजारच्या दोन खोल्या घेतल्या. दाजी गेल्यावर ती गडहिंग्लज सोडून इथं आली होती. ब्लाउज शिवून पोट भरायची. पाटल्या मोडून तिनं पैसे उभे केले होते, स्टँपचेसुद्धा. मास्तरांनी खरी किंमत लिहिली, आपणही तशीच लिहू, असं ती म्हणाली. मी खेकसलो तिच्यावर. तुला काय कळतंय यातलं, म्हणालो. अर्धी किंमत लिहिली आणि खाली, लिहिणाऱ्याच्या जागी, माझी सही ठोकली. वाचलेल्या पैशांत तिनं शिलाई मशीन घेतलं. मी आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडत होतो.

सातआठ वर्षांनी रस्ता रुंद करायचं निघालं. ती सगळी ओळ जाणार होती, आणि भरपाई खरेदीखतावरच्या किमतीला धरून ठरणार होती. आक्काला घेऊन मी सुनावणीला गेलो. खरी किंमत दुप्पट होती, साक्षीदार आहेत, असं सगळं वाटेत घोकत होतो. साहेबानं खरेदीखत फिरवून माझ्यापुढं सरकवलं आणि विचारलं, "ही सही तुमचीच ना?"

मी हो म्हणालो. पुढं काय बोलणार? खोटा कागद मीच केला म्हणून? आक्का माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. लाज वाटली नाही, भीतीही वाटली नाही. आतून सगळं बधिर झालं होतं, ते तसंच राहिलं.

मास्तरांनी भरपाईत दुसरं घर घेतलं. आक्काच्या पैशांत कुठंच काही येत नव्हतं. माझ्या घरी चल म्हणालो, तर ती नको म्हणाली. तिनं एक खोली भाड्यानं बघितली.

भाड्याचा करार करायला ती घरमालकाला घेऊन माझ्याच टेबलापाशी आली, चार गिऱ्हाईक पावण्यांच्या मागं रांगेत उभी राहून. मालकाला भाडं कमी दाखवायचं होतं. मी सवयीनं कमीचा आकडा लिहायला लागलो.

"भाडं हाय तेवढंच लिव्ह," आक्का म्हणाली. "स्टँपचं पैसं मी आणल्यात."

लिहिलं. तिनं शब्दन् शब्द वाचून घेतला. मग इतर लोक देतात तेवढेच लिखाणाचे पैसे मोजून टेबलावर ठेवले. ती फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी बघत राहिलो.

मग पैसे खिशात टाकले आणि पुढच्या पावण्याला विचारलं, किंमत किती दाखवायची?