सांडू मिस्त्रीचं एक बूच जास्तीचं

सांडू मिस्त्रीवर मी जेवढा चिडलो तेवढा सख्ख्या भावावर चिडलो न्हाई. तरी सांगतो, बदनापुरात तसला माणूस दुसरा न्हाई. मी धर्मराज, माझी भाड्याची गाडी. तो गाड्या नीट करणारा. स्टेशनाच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज. वीस वर्षं आमचं भांडण आणि चहा रोज बराबर चालू.

त्याला एक खोड होती. उघडं तोंड दिसलं की जिवाला चैन न्हाई. ऑइलचा डबा म्हणा, पाण्याची कळशी म्हणा, हा झाकण शोधत फिरायचा. त्याची बायको गोजरबाई म्हणायची, "साऱ्या दुनियेला बुचं मारतेत, फक्त माझ्या तोंडाला मारायचं जमलं न्हाई यांना." खोड आली बापाकडून. म्हातारा मेंढरं राखायचा. लोकर कातरताना कात्री लागली की लगेच हळद दाबायचा, चिंधी बांधायचा, न्हाईतर माशी बसून किडे पडायचे. सांडूनं मेंढरं सोडली, गाड्या धरल्या, पण कापलं की बांधायचं हे डोक्यात पक्कं बसलं.

१९९४ चा उन्हाळा. माझ्या जुन्या गाडीला आधीच्या मालकानं एसी बसवेल होता. थंड हवा मी एक दिवस खाल्ली न्हाई, पण त्याचा कॉम्प्रेसर जाम झाल्ता, पट्टा किंचाळायचा, इंजिन तापायचं. आणि त्याच गाडीतून सांडूच्या धाकट्या लेकीला, बेबीनंदाला, लग्नानंतर सासरी भोकरदनला न्यायची होती. थोरली लेक टेम्पोत गेल्ती. तो टेम्पो अर्ध्या रस्त्यात बंद पडला, नवरी दोन तास उन्हात बसली, आणि वऱ्हाडी हसले, मिस्त्रीची लेक म्हणे! ते सांडूच्या काळजाला लागेल होतं. "धर्मा, ही पोरगी माझ्या हातच्या गाडीत जाईल," तो म्हणायचा, "आणि तिच्यावर कुणी हसणार न्हाई."

लग्नाला तीन दिवस राह्यले तेव्हा त्यानं एसी काढायला घेतला. कॉम्प्रेसर तासाभरात बाहेर. मी म्हणलं झालं, चला. पण मागं उरलेल्या नळ्या होत्या ना!

"तोडून फेक की," मी म्हणलं.

"आतला डबा डॅशबोर्डाच्या मागं अडकेल हाय. तो काढायचा तर अर्धी गाडी उकलावी लागंल. आणि नळ्या उघड्या ठेवल्या तर धूळ जाईल, ओल धरंल, कुंभारमाशी घर करंल. उद्या कुणाला एसी परत बसवायचा असंल तर?"

"कोण बसवतंय? तुझा आजा?"

"कुणीबी. काम म्हंजे काम."

मंग काय! तांब्याच्या नळ्यांची तोंडं चेपून, दुमडून कथलाचा डाग दिला. रबरी नळ्यांत बाभळीची बुचं ठोकली, वर ट्यूबची पट्टी, वर क्लिप. शेवटी गाडीखाली शिरला. तिथं एक बारकी नळी लोंबत होती, तिलाबी बूच मारलं. बाहेर येऊन हात पुसत म्हणला, "आता एकबी तोंड उघडं न्हाई."

लग्नाच्या दिवशी सकाळी मी गाडी विहिरीवर नेऊन मोटारीच्या पाइपानं धुतली, काचेवर भरपूर पाणी मारलं. फुलं लावली. लग्न झकास लागलं. पाठवणीला सगळ्या बाया रडून राह्यल्या, आणि सांडू कोरडाच. माझ्या रेडिएटरचं पाणी बघ, टायर दाब, हेच चालू. मला राग आला. लेक चालली आणि ह्याला टायरची पडली!

नवरा-नवरी मागं बसली. पुढं माझ्याजवळ बेबीनंदाची आत्या चांगुणाबाई, पाठराखीण म्हणून. गाडी हलली, मांडवाला लागूनच मारुतीपुढचा चढ लागला, आणि बेबीनंदा ओरडली, "धर्माकाका, पाय पाण्यात गेले!"

बघतो तर डॅशबोर्डाखालून पाणी गळून राह्यलं, चढामुळं सगळं मागं पळालेलं. शालूचा काठ चिंब. वऱ्हाडातला एकजण मोठ्यानं हसला, "मिस्त्रीची गाडी गावातच बुडाली का?"

माझं डोकं सटकलं. खाली उतरून मी भर मांडवासमोर बोंबललो, "सांडू! काय करून ठेवलंस रे?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याला तिथंच कळलं. काचेखालच्या जाळीतून आत गेलेलं पाणी ज्या नळीनं बाहेर जायचं, तीच बारकी नळी त्यानं बंद केल्ती. एक तेवढीच उघडी ठेवायची होती.

नवं धोतर, नवा फेटा, तसाच धुळीत आडवा झाला आणि गाडीखाली गेला. मी पक्कड दिली. बूच निघालं, पाणी धो धो खाली आलं, थांबलंबी. पण सांडू बाहेर येईना. मी वाकून बघितलं. तो उताणा पडेल होता, नळी मुठीत धरेल, आणि हमसून हमसून रडत होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठलो आणि वऱ्हाडावरच डाफरलो, "काय बघता? क्लिप आवळून राह्यला तो! टाइम लागतो!"

बेबीनंदा खाली उतरली. ओला शालू घेऊन धुळीतच बसली आणि गाडीखाली हात घातला. "आबा, तुम्हीच चला माझ्यासंगं. रस्त्यात काही झालं तर कोण बघंल?"

बाप पाठराखीण म्हणून जातो, असं कुणी ऐकलंय? वऱ्हाडात कुजबुज झाली. चांगुणाबाई मात्र पुढच्या सीटवरून उतरली, मागच्या सीटवर जाऊन बसली आणि म्हणली, "ये रे दादा."

सांडू चिखलाच्या धोतरात माझ्याजवळ बसला. "मी मिस्त्री म्हणून चाललो," त्यानं सगळ्यांना सांगितलं. भोकरदनपर्यंत नुसता इंजिनाच्या तापाच्या काट्याकडं बघत होता. गाडी ना तापली, ना अडखळली. अंधार पडायच्या आत तिच्या दारात.

बेबीनंदा माप ओलांडून आत गेली. सांडू गाडीतच बसून राह्यला. मी म्हणलं, "बघ, कशी बराबर आणली! कुठं हसलं का कुणी?"

तो त्या दाराकडं बघत म्हणला, "एवढ्या जल्दी कशाला आणलीस रे, धर्मा?"